बिनव्याजी पतसंस्थेवर शरई देखरेख कुणाची? सोलापूरकरांनी मत द्यावं

बेगमपेठकर (धागाकर्ता)

सलाम, नमस्कार मंडळी.

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितो. आमच्या भागात एक बिनव्याजी पतसंस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण मला संस्था बुडवायची नाही, सुधारायची आहे. मी अकरा वर्षं सभासद आहे. अम्मीने विड्या वळून साठवलेले पैसे तिथेच आहेत. तिला सूद (व्याज) नको. पूर्वी बँकेत खातं होतं तेव्हा व्याज जमा झालं की ती पासबुक माझ्यापुढे धरायची, "यातले आपले किती आणि त्यांचे किती ते सांग", आणि व्याजाची रक्कम काढून गल्लीतल्या गरजूला देऊन टाकायची.

संस्थेच्या काउंटरमागे भिंतीवर एक फ्रेम आहे. हिरव्या कडेचा कागद, त्यावर चार ओळी: या संस्थेचे व्यवहार शरीअतला (इस्लामी धर्मनियमांना) धरून आहेत. खाली मुफ्तीसाहेबांची, म्हणजे त्या नियमांवर मत देणाऱ्या जाणकाराची, सही आणि शिक्का. मी ती फ्रेम हजार वेळा पाहिली असेन, पण तारीख वाचली गेल्या महिन्यात. संस्था उघडली त्या वर्षाची आहे. तेव्हापासून कर्जाचे नियम तीनदा बदललेत. मुफ्तीसाहेब तर सोलापूर सोडूनही बरीच वर्षं झाली.

तारीख वाचायला निमित्त झालं ते शेजारच्या खालांचं. त्यांनी दोन बांगड्या तारण ठेवून १०,००० घेतले, वर्षाची मुदत. सेवाशुल्क ६००. त्यांच्या पुतण्याने तसेच दागिने ठेवून ५०,००० घेतले, मुदत तीच. सेवाशुल्क ३,०००. खालांनी मला सरळ विचारलं, "बेटा, फॉर्म तोच, शिक्का तोच, बारा हप्ते त्याचेही आणि माझेही. मग त्याच्या कागदाला पाचपट मेहनत लागली का?" मला उत्तर देता आलं नाही. मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हे व्याज नाही, सेवाशुल्क आहे. मुफ्तीसाहेबांनी पास केलंय." कुठे, असं विचारल्यावर त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं.

माझा प्रश्न मुफ्तीसाहेबांच्या इमानाबद्दल मुळीच नाही. त्यांना नेमतं कोण, मानधन कोण देतं, नियम बदलल्यावर त्यांच्यापुढे कागद कोण ठेवतं, आणि ते "नाही" म्हणाले तर संस्था ऐकते का, हे मला कळून घ्यायचंय. मोठ्या इस्लामी बँकांत हे कसं चालतं ते कुणाला माहीत असेल तर सांगा. सर्वसाधारण सभा सप्टेंबरात आहे.

पूर्वभागकर

मी पद्मशाली, मुसलमान नाही, पण तुमच्यासारख्याच एका बिनव्याजी संस्थेचा सभासद आहे. टॉवेलचे चार माग आहेत. सूत महागलं आणि व्यापाऱ्याकडं पैसा अडकला तेव्हा त्याच संस्थेनं हात दिला, ते विसरणार नाही. पण शरीअतचा विषय निघाला की आम्ही गप्प बसतो. आमचा अधिकार काय, असं वाटतं. या धाग्यावर बोललं तर चालेल का?

बेगमपेठकर

अण्णा, हप्ता तुम्हीही भरताय. अगदी बोला.

मनामा_ते_मजरेवाडी

मी नऊ वर्षं बहरीनमध्ये होतो, एका इस्लामी बँकेत कागदपत्रं तपासायच्या कामावर. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो. लांब होईल.

आधी मोठं चित्र. या व्यवहारांचे हिशेब आणि शरई नियम ठरवणारी एक संस्था बहरीनच्या राजधानीत, मनामालाच आहे, आयोफी म्हणतात तिला. १९९१ मध्ये तिथे नोंदली गेली. तिचा नियम असा की प्रत्येक इस्लामी वित्तसंस्थेला शरई मंडळ हवं, त्यात किमान तीन जाणकार हवेत, त्यांची नेमणूक भागधारकांच्या वार्षिक सभेत व्हायला हवी आणि मंडळाचा अहवालही भागधारकांसाठी असावा. बेगमपेठकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मॅनेजरने निवडलेला माणूस मॅनेजरला नाही कसं म्हणणार? म्हणून नेमणूक मालकांच्या हाती. सहकारात मालक म्हणजे सभासद.

आता रोजचं काम. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालायचा तो मुराबहा. गाडीसाठी कुणी आलं तर बँक रोख देत नाही. बँक आधी गाडी स्वतः विकत घेते, ताब्यात घेते, मग आपला नफा उघड सांगून त्याला हप्त्यांवर विकते. मधल्या वेळात गाडीचं काही झालं तर तोटा बँकेचा. त्या जोखमीमुळेच तो व्यापार ठरतो, नाहीतर कर्जावरचं व्याजच.

माझं काम दोन कागद शेजारी ठेवून बघायचं होतं: शोरूमचं बिल आणि ग्राहकाबरोबरचा विक्री करार. बिल आधीचं हवं. एकदा करारावर सकाळची वेळ निघाली आणि बिलावर त्याच दिवशीची दुपारची. म्हणजे बँकेने स्वतःची न झालेली गाडी विकली होती. रक्कम मोठी नव्हती, ग्राहकाची तक्रार नव्हती. तरी शरई तपासनिसाने त्या प्रकरणातला बँकेचा सगळा नफा धर्मादाय खात्यात वळवायला लावला. शाखेतल्या लोकांनी पुष्कळ रदबदली केली, काही चाललं नाही. त्या दिवशी मला कळलं की फतवा (मुफ्तीचं लेखी धर्ममत) ही सुरुवात असते आणि खरी देखरेख बिलाच्या कोपऱ्यातल्या वेळेवर होते. पुढे २०१८ पासून बहरीनच्या मध्यवर्ती बँकेने बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून शरई तपासणीही सक्तीची केली.

मलेशियात पकड आणखी घट्ट आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे बँक निगाराची, शरई सल्लागार परिषद १९९७ पासून आहे, आणि २००९ च्या कायद्याने तिचे निर्णय न्यायालयांनाही बांधील केले. २०१० च्या चौकटीत एका बँकेच्या शरई समितीत किमान पाच सदस्य सांगितले आणि एका माणसाला एकाच प्रकारच्या दोन संस्थांत बसायला मनाई केली. २०१३ चा कायदा तर असा की शरई नियम मोडणाऱ्याला आठ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड होऊ शकतो.

खालांच्या प्रश्नावर वेगळं लिहितो, जेवून येतो.

विजापूरवेस

माफ करा, पण माझं मन कडू झालंय. माझ्या मेहुण्याने "हलाल गुंतवणूक" म्हणून एका योजनेत घर बांधायचे पैसे घातले. तिथेही कुणाची तरी सही होती, बिस्मिल्लाने सुरू होणारं पत्रक होतं. दीड वर्ष नफा आला, मग कुलूप. बहीण आजही त्या पत्रकाची घडी कपाटात ठेवून आहे. "हलाल" गुंतवणुकीच्याच नावाने चाललेल्या बंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायजरीचं २०१९ मधलं प्रकरण सगळ्या देशाने पाहिलं, हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. समित्या, मंडळं, मानकं ही नावं मोठी आहेत. आमच्यासारख्याला कळणार कसं की कुठली सही खरी?

मनामा_ते_मजरेवाडी

विजापूरवेस भाई, तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. एक खूण सांगतो. ठरलेल्या नफ्याचं वचन दिलं की समजायचं, शरीअतही नाही आणि व्यापारही नाही. मुदारबात, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीत, नफ्याचा वाटा आधी ठरतो, नफ्याची रक्कम ठरत नाही, आणि तोटा भांडवलवाल्याचा असतो. "महिन्याला इतके टक्के नक्की" असं छापलेला कागद कुठलाही प्रामाणिक मुफ्ती पास करणार नाही.

आणि जाणकार गप्पच बसतात असंही नाही. आयोफीच्या शरई मंडळाचे अध्यक्ष मुफ्ती तकी उस्मानी यांनी २००७ मध्ये सांगितलं होतं की बाजारातले बहुतेक सुकूक (इस्लामी रोखे) कसोटीला उतरत नाहीत, कारण त्यांत मुद्दल परत घेण्याची हमी घुसवलेली आहे. तेव्हा तो बाजार जोरात होता. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, मंडळाने त्यावर सुधारित भूमिका जाहीर केली. धंद्याला न आवडणारी गोष्ट त्यांनी उघडपणे सांगितली. असा माणूस आपल्याला हवा, आणि त्याला बोलता येईल अशी जागाही हवी.

निवृत्त_सहकार

सहकार खात्यात आयुष्य गेलं. उपनिबंधकांच्या कार्यालयात अशा संस्थांचे कागद हातातून गेले आहेत. कायद्याची बाजू स्पष्ट करतो, नाहीतर सभेत गोंधळ होईल.

आपल्याकडे बँकिंग नियमन कायदा १९४९ मध्ये बिनव्याजी बँकेला जागा नाही. आठव्या कलमाने बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणजे वर सांगितलेला मुराबहा तिथेच अडतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असं सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. आपल्या जिल्ह्यात बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी व्यवहार सुरू केल्याच्या बातम्या आल्या होत्या, अनेकांना आठवत असतील. पण मलेशियासारखी वरची शरई परिषद आपल्याकडे नाही आणि तुमच्या संस्थेची शरई समिती कायद्याने व्यवस्थापन समितीच्या वरही बसू शकत नाही.

मग काय करता येईल? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १३ बघा. पोटनियम दुरुस्ती. हजर राहून मत देणाऱ्या सभासदांचं दोन तृतीयांश बहुमत आणि निबंधकांची मंजुरी. त्यातून सल्लागार समिती आणता येईल. तिची निवड सर्वसाधारण सभेत, अहवाल सर्वसाधारण सभेपुढे, आणि व्यवस्थापन समितीने सल्ला मानला नाही तर कारण लेखी. एवढं पोटनियमात आलं की समितीला बळ येतं.

सभेच्या आधी कलम ३२ वापरा. पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समितीच्या सभांची इतिवृत्तं आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आणि पूर्वभागकर, कलम २३ प्रमाणे सभासदत्व सर्वांना खुलं आहे. सभेत तुमचं मत इतर कुणाच्याही मताइतकंच.

एक सावधगिरीही सांगतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणून धार्मिक देखरेखीइतकंच कलम ८१ चं लेखापरीक्षण महत्त्वाचं. एक झालं म्हणून दुसरं टाळू नये.

पूर्वभागकर

धन्यवाद काका. कलम ३२ माहीतच नव्हतं.

मनामा_ते_मजरेवाडी

आता खालांचा प्रश्न. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

कर्जे हसनावर (बिनव्याजी कर्जावर) खर्च वसूल करायला मनाई नाही. इस्लामी विकास बँकेने विचारलेल्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने १९८६ मध्ये सांगितलं की प्रत्यक्ष खर्चाच्या मर्यादेत शुल्क चालेल, त्यावरचा प्रत्येक पैसा रिबा, म्हणजे निषिद्ध व्याज. आयोफीचं कर्जाबद्दलचं १९ क्रमांकाचं मानकही तेच म्हणतं, आणि ते आणखी कडक आहे: नोकरांचे पगार, जागेचं भाडं असे सर्वसाधारण खर्च त्यात धरायचे नाहीत, फक्त त्या कर्जासाठी थेट झालेला खर्च धरायचा.

म्हणजे रकमेच्या सहा टक्के हे गणित त्यात बसणं अवघड आहे. पाचपट कर्जाला पाचपट शुल्क लागलं की ते खर्चाशी न बांधता रकमेशी बांधलं गेलं. खालांनी कुठलंही मानक न वाचता नेमकं तेच पकडलं.

सीए_जुळेसोलापूर

मी दोन पतसंस्थांचं लेखापरीक्षण करतो. मनामावाल्यांचं म्हणणं तत्त्वाने मान्य, पण आकडे मांडून बघू. समजा संस्थेच्या कर्ज विभागाचा वर्षाचा खर्च ६ लाख आहे आणि वर्षाला ८०० कर्जं होतात. (माझे आकडे, समजण्यापुरते.) प्रत्येकी ७५० रुपये. सरसकट तेवढं लावलं तर पुतण्याचे ३,००० वरून ७५० होतील आणि खालांचे ६०० वरून ७५०. न्याय मागायला गेलेल्या बाईच्याच डोक्यावर दीडशे वाढले.

पगार आणि भाडं वगळा म्हणाल तर थेट खर्च किती उरतो? फॉर्म, मुद्रांक, सोनाराची तपासणी. दोनशे-अडीचशे. मग लिपिकाचा पगार कुठून द्यायचा? बिनव्याजी संस्थेला दुसरं उत्पन्नच नसतं. संस्था बंद पडली तर हीच माणसं उद्या महिना शेकडा पाच दराने खासगी सावकाराच्या दारात उभी राहतील, ते मी माझ्या अशिलांत बघतोय. कृपया हे डोक्यात ठेवून सभेत जा.

बेगमपेठकर

सीएसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रभर झोप लागली नाही. हे मी धरलंच नव्हतं.

उर्दू_शाळेतली_बाई

मी सगळं वाचतेय. बायकांच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

आमच्या भागात अशा संस्थांतली निम्म्याहून जास्त तारण प्रकरणं बायकांच्या दागिन्यांची असतात, हे कुठल्याही काउंटरवर सकाळी अकराला उभं राहिलं की दिसतं. पण सभेला बायका शेवटच्या रांगेत, आणि शरई प्रश्न विचारायचा तर नवऱ्यामार्फत किंवा भावामार्फत. मलेशियाच्या त्या बँक निगाराच्या परिषदेवर डॉ. एंग्कू राबिया अदाविया या विदुषी सदस्य होत्या. तिथे बाई देशाच्या परिषदेवर बसू शकते, तर आपल्या पतसंस्थेच्या समितीवर एक आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली बाई) का नको? सोलापुरात मुलींच्या मदरशांतून शिकलेल्या, फिक्ह वाचलेल्या बायका आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट सीएसाहेबांच्या गणितावर. सगळ्या प्रकरणांना सारखी मेहनत लागते, हे खरं नाही. दोन बांगड्या सोनार दहा मिनिटांत बघतो. मोठ्या कर्जाला दोन जामीनदार, त्यांच्या घरी माणूस पाठवणं, करारनामा, जास्त मुद्रांक. खरा खर्च मोजला तर छोट्या तारणाचं शुल्क कमीच निघेल, आणि ते रकमेमुळे कमी निघणार नाही, कामामुळे निघेल. ही नोंद कुणी ठेवलीय का आजवर? एक महिना एका वहीत लिहून काढा: कुठल्या प्रकरणाला किती वेळ, किती फेऱ्या, किती रुपये. मग ती वही मुफ्तीसाहेबांपुढे ठेवा. वहीच नसेल तर ते तरी कशावर फतवा देतील?

मनामा_ते_मजरेवाडी

बाईंनी लाखातलं एक सांगितलं. +१.

पगाराच्या मुद्द्यावर भर घालतो. आयोफी पगार वगळायला सांगते, पण सगळेच जाणकार इतके कडक नाहीत. प्रत्यक्ष प्रशासकीय खर्च प्रकरणांवर वाटून घ्यायला मान्यता देणारेही आहेत. म्हणूनच फ्रेममधल्या चार ओळी पुरत नाहीत. कुठलं मत धरलं, का धरलं, शिल्लक उरली तर तिचं काय करायचं, हे लिहिलेला सविस्तर फतवा हवा, आणि तो दरवर्षी आकड्यांसमोर ठेवून तपासायला हवा. शुल्क आधी अंदाजाने घ्यायचं आणि वर्षाअखेर खर्चाहून जास्त जमलेलं कर्जदारांना परत करायचं, हाही मार्ग आहे. वाढलेली रक्कम नफ्यात मात्र जाता कामा नये.

विजापूरवेस

परत करणारी संस्था दाखवा, मी स्वतः ठेव ठेवतो. खरंच सांगतोय.

सीए_जुळेसोलापूर

वर्षाअखेरच्या परताव्याचा हिशेब बसवता येईल. सेवाशुल्काचं वेगळं खातं काढायचं, त्यातून फक्त कर्ज विभागाचा खर्च टाकायचा, शिल्लक ताळेबंदात देणं म्हणून दाखवायची. आज बहुतेक ठिकाणी ते सगळं इतर उत्पन्नात मिसळतं, म्हणून कुणाला काही कळत नाही. बेगमपेठकर, तुमच्या ताळेबंदात तो आकडा कुठे आहे ते आधी बघा. लागली मदत तर संध्याकाळी सहानंतर मी मोकळा असतो, फी नको.

बेगमपेठकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

कलम ३२ चा अर्ज दिला, पोच घेतली. मॅनेजरसाहेब पहिल्या दिवशी नाराज होते. "माझ्यावर संशय?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, उद्या तुमच्या जागी दुसरा येईल, त्याच्यासाठी करून ठेवू." मग त्यांनी स्वतः कपाट उघडलं. सीएसाहेब म्हणाले तसंच निघालं: सेवाशुल्क "इतर उत्पन्न" या एकाच ओळीत आहे, शेअर फी आणि फॉर्म विक्रीबरोबर. इतिवृत्तात तीनही वेळा शुल्क बदलल्याची नोंद आहे. मुफ्तीसाहेबांना विचारल्याची एकदाही नाही.

त्यांना फोन लावला. आवाज थकलेला. मी सगळं सांगितलं. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी सही केली तेव्हा शुल्क दर प्रकरणी पन्नास रुपये होतं. रकमेवर लावलेलं मला कुणी सांगितलं नाही. तो कागद भिंतीवरून उतरवा, माझ्या नावाने लोक पैसे देतायत." हे मी मॅनेजरसाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर फ्रेम नव्हती, भिंतीवर फक्त चौकोनी पांढरा डाग होता.

वहीचं काम सुरू केलंय. शंभर पानी वही, काउंटरच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेली. लिपिक मुलगी प्रत्येक प्रकरणाची वेळ आणि खर्च लिहितेय. पहिल्या बारा दिवसांत बाईंचं म्हणणं खरं ठरताना दिसतंय, पण महिना पुरा होऊ दे.

निवृत्त_सहकार काकांच्या मदतीने पोटनियम दुरुस्तीचा मसुदा तयार झाला: तीन सदस्यांची सल्लागार समिती, त्यात एक आलिमा, निवड सभेत, मुदत तीन वर्षं, संस्थेकडून कर्ज घेतलेलं नसावं. मानधनावर वाद चालू आहे. आमच्याकडचे हाजीसाहेब म्हणतात धर्माच्या कामाला पैसे कसले, मी म्हणतो फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. तो निर्णय सभेतच होऊ दे.

सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक सात आपला आहे. अण्णा, तुम्ही तुमच्या संस्थेतही हाच अर्ज द्या, नमुना मी पाठवतो. खालांना पहिल्या रांगेत खुर्ची सांगून ठेवलीय, त्या दोन्ही पासबुकं घेऊन येणार आहेत, स्वतःचं आणि पुतण्याचं.